दोन टाळू



मराठीत टाळू दोन आहेत. एक तान्ह्या बाळाच्या डोक्यावर. आजी तिच्यावर कोमट तेल जिरवते, येणारीजाणारी प्रत्येक बाई 'टाळू भरली का गं?' विचारते, आणि साधारण दीड वर्षात, फार तर दोन वर्षांत, ती भरते. दुसरी टाळू तोंडात, जिभेच्या वर. तिच्याही मधोमध डाव्या-उजव्या हाडांना जोडणारी एक शिवण असते. मूल दहावीला जाईपर्यंत, पुष्कळदा त्यानंतरही, ही शिवण पुरती सांधलेली नसते. पण 'हिची टाळू सांधली का?' असं कधी कुणी विचारत नाही. गरम चहानं पोळलं की तेवढ्यापुरती ती आठवते. आज मी ह्या दुसरीबद्दल बोलणार आहे, आणि माणसाचा चेहरा लांब का होतो, ह्याच्याशी तिचा काय संबंध आहे त्याबद्दल.

ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, ते आम्हाला पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र शिकवत. खाकी कापडाच्या पिशवीतून ते कवटी आणायचे. खालचा जबडा वेगळा, जुन्या पंचात गुंडाळलेला. पिशवी टेबलावर अशी ठेवायचे की आत अंडी असावीत. टाळू शिकवताना बाकीचे शिक्षक कवटी उलटी करून दाखवतात. सर ती सरळच धरत आणि म्हणत, 'हा वाडा समजा. माडीवर नाकाचं बिऱ्हाड, तळमजल्यावर तोंडाचं. माडीची जमीन तेच खालच्यांचं छत. आता ह्यांच्यात भांडणं होणार की नाही?' वर्ग हसायचा. पुढची पस्तीस वर्षं मी मुलांचे वाकडे दात सरळ करण्यात घालवली. ती भांडणं रोज सोडवतो, असं म्हणायला मला आवडलं असतं. रोज बघतो, एवढं खरं.

तुमची टाळू तुम्हाला आरशाशिवाय दाखवतो. 'चमचा' म्हणा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या अगदी मागे, हिरडीच्या उंचवट्याला लागलं. आता 'चहा' म्हणा. अक्षर तेच, पण जीभ पसरली, मागे सरकली आणि टाळूच्या चढावर टेकली. (ही चैन आपल्याकडे आहे, हिंदीवाल्यांना दोन्ही च सारखेच.) आता नुसता 'ट' म्हणा. टोक वळून आणखी वर गेलं. आपल्या व्याकरणकारांचे तालव्य आणि मूर्धन्य म्हणजे ह्या चढावरचेच मुक्काम. आता जीभ आडवी फिरवा, डाव्या दाढांच्या आतल्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत. काहींना परातीसारखी पसरट टाळू लागेल. काहींना खोल आणि अरुंद लागेल, कौलारू घराच्या आढ्यासारखी.

ही आढ्यासारखी टाळू आणि लांब चेहरा बरेचदा जोडीनं येतात. ओठ मिटायला कष्ट पडतात, हसताना वरची हिरडी दिसते, पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत, हनुवटी खाली आणि मागे गेलेली असते. हे निरीक्षण शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि त्यावरून लोक सरळ हिशेब मांडतात की टाळू उंच, म्हणून चेहरा लांब. माझं म्हणणं असं की हा आरोप भलत्याच इसमावर ठेवला आहे. टाळू साक्षीदार आहे. गुन्हा घडला तेव्हा ती जागेवर होती, एवढंच सिद्ध होतं.

आधी ही टाळू वाढते कशी ते पाहू. मुलाचा चेहरा वाढताना ती खाली उतरते, आणि उतरण्याच्या तऱ्हा दोन. एक म्हणजे अख्खा वरचा जबडाच कवटीच्या तळापासून खाली-पुढे सरकतो आणि मागे राहिलेल्या शिवणींत नवं हाड भरत जातं. दुसरी तऱ्हा सरांच्या वाड्यातली. माडीची जमीन वरून तासली जाते आणि छताला खालून गिलावा चढतो. नाकाच्या बाजूचं हाड झिजतं, तोंडाच्या बाजूला नवं बसतं. वर्षानुवर्षं हे चालतं, छत हळूहळू खाली येतं, माडीला उंची मिळते. अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ डोनाल्ड एन्लो यांनी हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ह्या झिजण्या-भरण्याचे नकाशेच काढले. पाच वर्षांच्या मुलाच्या टाळूत जे हाड असतं त्यातलं पुष्कळसं पंधराव्या वर्षी तिथे उरलेलं नसतं. टाळू तीच, हाड नवं.

छत खाली येतं तर तळमजला ठेंगणा व्हायला हवा. होत नाही, कारण भिंतीही वाढतात. भिंती म्हणजे दाढा आणि त्यांना धरून ठेवणारं हाड. दाढ उगवली की तिचं काम संपलं असं आपण समजतो. ती समोरच्या दाढेला टेकलेली राहते आणि जबडे दूर जातील तशी उतरतच असते, अगदी विशीपर्यंत. आता दंतवैद्य प्लास्टरच्या साच्यावर टाळूची उंची मोजतो ती कुठून? दाढेच्या माथ्यापासून छतापर्यंत. म्हणजे आकडा मोठा आला तर छत वर गेलं असेल, किंवा भिंती लांबल्या असतील. मोजपट्टीला फरक कळत नाही. लांब चेहऱ्याच्या पुष्कळ मुलांत छत वर गेलेलं नसतंच, उलट त्याची मागची बाजू नेहमीपेक्षा खाली झुकलेली असते. दाढा त्याहून खाली उतरलेल्या असतात. आणि विहीर अरुंद असली की खोल वाटते, तशी ती टाळू उंच वाटते.

दाढा उतरल्या तर चेहऱ्याला काय झालं, हे समजायला अडकित्ता पुरे. कानाच्या छिद्रासमोर बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी सरकतं ती खालच्या जबड्याची बिजागरी. अडकित्त्यात सुपारी बिजागरीकडे सरकवली की पुढचं तोंड केवढं उघडतं ते पानाचं तबक असलेल्या घरात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. दाढा बिजागरीजवळ आहेत, पुढचे दात लांब. दाढांच्या जागी एक मिलिमीटर उंची वाढली की पुढे दोन-तीन मिलिमीटरची फट पडते, आणि हनुवटी खाली जाते. मागेही जाते, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही. 'डॉक्टर, हिचा खालचा जबडा वाढलाच नाही बघा,' म्हणत आई मुलीला घेऊन येते. मोजावा तर जबडा पुरेसा लांब असतो. तो खाली वळलेला असतो, बस्स.

ह्याच्या उलटही घडतं. खालच्या जबड्याचा मागचा उभा खांब, कानाखाली हात लावला की लागतो तो, भरपूर वाढला तर दाढांचं उतरणं त्यात पचून जातं. जबडा वर-पुढे वळतो आणि चेहरा चौकोनी, भक्कम दिसतो. तेव्हा ही शर्यत आहे. मागे खांब किती वाढतो आणि पुढे छत नि दाढा मिळून किती उतरतात. फ्रेड शुडी ह्या अमेरिकन दंततज्ज्ञानं १९६०च्या दशकात ही शर्यत स्वच्छ मांडली. तोवर आमच्या क्षेत्रात बहुतेक लक्ष जबडा पुढे आहे की मागे इकडेच असे. वर-खाली हा हिशेब फारसा नसे.

पण जबडा वळतो हे पाहिलं कुणी? १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी, एकमेकांना न विचारता, डोकं चौकटीत स्थिर धरून बाजूनं एक्स-रे काढायची पद्धत आणली. आमचे पेशंट त्याला 'डोक्याचा फोटो' म्हणतात. दोन वर्षांच्या अंतरानं काढलेले दोन फोटो एकावर एक ठेवले की वाढ दिसायला हवी. ठेवायचे कशावर, इथे घोडं अडे. हाडाचा पृष्ठभागच रोज बदलत असेल तर कुठली कड धरायची? कोपनहेगनच्या आर्ने ब्यॉर्क यांनी १९५१मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात त्याला उत्तर दिलं. मुलांच्या जबड्यांत त्यांनी टँटलम धातूच्या बारीक टाचण्या बसवल्या, तांदळाच्या कणीएवढ्या. हाड कितीही झिजो नि भरो, आतली टाचणी हलत नाही. वर्षानुवर्षं फोटो काढायचे आणि टाचणीवर टाचणी ठेवून ते जुळवायचे.

जे दिसलं त्याची फारशी कुणाला कल्पना नव्हती. सर्वसाधारण मुलाचा खालचा जबडा चौथ्या वर्षापासून मोठेपणापर्यंत आतल्या आत सुमारे १५ अंशांनी वर-पुढे फिरतो. त्याच वेळी कोनाखालचं हाड झिजतं, हनुवटीखालचं भरतं, आणि त्यातले ११-१२ अंश झाकून टाकतं. बाहेरून दिसतात ते तीन-चार. म्हणजे आपण ज्याला चेहऱ्याची वाढ म्हणतो ती, आत चाललेल्या मोठ्या फिरण्यावर बाहेरून मारलेली रंगसफेदी. थोड्या मुलांत हे फिरणं उलट्या दिशेनं, खाली-मागे होतं. त्यांचे चेहरे लांबतात. टाचण्या नसताना अशी मुलं आधीच ओळखता यावीत म्हणून ब्यॉर्कनी १९६९ साली सात खुणा सांगितल्या. सगळ्या सांगत बसत नाही. एक बोटानं कळते. कानाखालच्या कोनापासून जबड्याच्या खालच्या कडेनं हनुवटीकडे या. कोनाच्या जरा पुढे एक खाच लागेल. वाढत्या वयात ती खोल असेल तर जबडा खाली वळण्याचा संभव. पुढच्या रांगेतले बरेच हात गळ्याकडे गेलेले दिसतात मला. चाळिशीनंतर ती नुसतीच खाच असते, काळजी नको.

आता नाक. कोपनहेगनमध्येच, ब्यॉर्कच्या ऐंशीएक वर्षं आधी, विल्हेल्म मायर नावाच्या डॉक्टरनं मऊ टाळूच्या मागून बोट वर घालून पाहिलं आणि नाकामागच्या पोकळीत वाढलेल्या मऊ गाठींचं वर्णन केलं. साल १८६८. त्याच ह्या ॲडिनॉइडच्या गाठी. कायम उघडं तोंड आणि लांब चेहरा ह्याला पुढे 'ॲडिनॉइड चेहरा' असंच नाव पडलं. युक्तिवाद असा: नाक बंद, म्हणून तोंड उघडं. तोंड उघडं, म्हणून जीभ टाळू सोडून खाली. जीभ नाही म्हणून गालांचा दाब वरचढ, टाळू अरुंद. जबडा लोंबकळलेला, म्हणून दाढांना उतरायला रान मोकळं. हा तर्क इतका सुबक आहे की त्याचीच मला शंका येते.

एगिल हार्वोल्ड यांनी कॅलिफोर्नियात माकडांची नाकं बुजवून पाहिली. माकडांचे दात-जबडे बिघडले खरे, पण एकाच तऱ्हेनं नव्हे. कुणी जबडा पुढे काढला, कुणी तो खाली टाकला, कुणी जिभेचीच पन्हळ केली, आणि जसा उपाय तसा बिघाड. स्वीडनमध्ये स्टेन लिंडर-आरॉन्सन यांनी १९७०मध्ये ॲडिनॉइडच्या मुलांची मापं प्रसिद्ध केली. त्यांचे चेहरे सरासरीनं लांब आणि टाळू अरुंद होती, आणि गाठी काढल्यावर पुढच्या पाच वर्षांत काही अंशी सुधारणा झाली. सुधारणा खरी होती. काही मिलिमीटरची होती. मुलामुलात कमीजास्त होती. नाक लख्ख मोकळं असलेली लांब चेहऱ्याची मुलं माझ्याकडे येतात, आणि आ वासून झोपणारी गोल चेहऱ्याचीही येतात. मूल घोरत असेल, वर्गात पेंगत असेल, त्याला कमी ऐकू येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्याच. ते झोपेसाठी आणि कानासाठी. चेहऱ्यासाठी म्हणून मी पाठवत नाही.

'लहानपणी ऊस खाल्ला असता, कडक भाकरी खाल्ली असती तर?' हा प्रश्न प्रत्येक आजीच्या पोतडीत असतो. लांब चेहऱ्याच्या माणसांची चावण्याची ताकद कमी असते हे खरं आहे. अमेरिकेत विल्यम प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ती मोजली. लांब चेहऱ्याच्या प्रौढांत ती निम्म्याच्या आसपास भरली. मग त्यांनी लांब चेहऱ्याची मुलं घेतली. मुलांत फरक नव्हता. म्हणजे चेहरा आधी लांबतो आणि ताकद मागाहून कमी पडते. ताकद कमी म्हणून चेहरा लांबतो, असं म्हणायला तिथे जागा उरत नाही. ऊस जरूर खावा. गोड असतो म्हणून खावा.

हल्लीची मुलं मोबाईलवर शिकून येतात त्या 'म्यूइंग'चंही सांगतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत तेच येईल. ब्रिटनमधल्या एका दंतवैद्य घराण्याच्या आडनावावरून पडलेलं हे नाव. जीभ दिवसभर टाळूला चिकटवून ठेवायची म्हणजे जबडा धारदार होतो, असा दावा. स्वस्थ बसलेल्या माणसाची जीभ बहुधा टाळूलाच टेकलेली असते, त्यात नवं काही नाही. पण वीस वर्षांच्या मुलानं आरशासमोर जीभ दाबून हाड हलवावं, एवढं हाड भाबडं नसतं. एक मुलगा तर वर्गात बोलतच नव्हता, बाईंनी काही विचारलं तर हनुवटीवरून बोट फिरवून दाखवायचा. त्याचा जबडा उत्तम होता, काळजी करण्यासारखे त्याचे मार्क होते.

मग नेमकं कारण काय? घराण्यातून आलेला आराखडा बराच; त्यावर स्नायू, नाक, जीभ, दाढा यांची थोडीथोडी ओढाताण. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो क्रम. चेहऱ्याची रुंदी आधी संपते, वयात येण्याच्या सुमारास. मग लांबी, म्हणजे पुढे वाढणं. उंची सगळ्यात शेवटी, मुलींत सतरा-अठरापर्यंत, मुलांत विशीपर्यंत आणि थोडी पुढेही. टाळू रुंद करायची तर लवकर करावी लागते. चेहऱ्याची उंची किती होणार हे मात्र तेव्हा ठरलेलंच नसतं. माझ्या हातून एका मुलीच्या बाबतीत चूक झाली ती ह्या दोहोंच्या मधल्या वर्षांत.

ती अकरा वर्षांची होती. आई घरी शिवणकाम करायची आणि ही शाळेतून आली की शेजारी बसून काज-बटणं करायची. टाळू अरुंद, वरच्या सुळ्यांना जागा नव्हती. मी टाळूची शिवण उघडायचं ठरवलं. युक्ती जुनी आहे. इमर्सन अँजेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एका मुलीची टाळू स्क्रूनं रुंद केली आणि १८६० साली ते छापलं. धंद्यातल्या लोकांनी विश्वास ठेवला नाही. शंभर वर्षांनी, १९६१मध्ये, अँड्र्यू हास यांनी ती पुन्हा उभी केली. वरच्या दाढांना घट्ट बसवलेली धातूची चौकट, मध्ये स्क्रू, आणि आईच्या हातात एक बारीक किल्ली. रोज पाव फेरा, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर. आठवड्याभरात पुढच्या दोन दातांमध्ये फट पडते आणि घरून घाबरा फोन येतो. मी सांगतो, 'पेढे वाटा, शिवण उघडली.'

तिची शिवण छान उघडली. मी खूश होतो. पाहायला हवं होतं ते तिच्या डोक्याच्या फोटोत होतं, आणि फोटो माझ्याच टेबलावर होता. कानाच्या छिद्रावरून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेकडे रेघ ओढायची आणि जबड्याच्या खालच्या कडेशी तिचा कोन मोजायचा. २५ अंशांच्या आसपास असतो. तिचा ३४ होता. खाच खोल होती. दाढा रुंद होता होता बाहेर कलल्या, त्यांची आतली टोकं खाली लोंबली. सुपारी बिजागरीकडे सरकली. पुढचे दात उघडले. बहुतेक मुलांत हे काही महिन्यांत निवळतं. हिचं निवळलं नाही. दोन वर्षांत ती भराभर उंच झाली, आणि फटही तिच्याबरोबर वाढली.

तिनं चेहऱ्याबद्दल कधी तक्रार केली नाही. एके दिवशी खुर्चीवरून उठताना म्हणाली, 'सर, दातानं दोरा तुटत नाही.' टाका घातला की दोरा दातानं तोडायचा, ही त्या घरातली रीत. ती आता दर वेळी कात्री शोधत होती. तिचा जबडा तसाही खाली वळणारच होता, खुणा तेच सांगत होत्या. मी फक्त घाई केली. असं मी स्वतःला सांगतो. पटतं की नाही, हे त्या-त्या दिवसावर अवलंबून.

आज ती माझ्याकडे आली असती तर दाढांवरच्या हाडात छोटे स्क्रू बसवून दाढा वर खेचल्या असत्या, म्हणजे सुपारीच काढून घेतली असती. जपानमधल्या सेंदाईच्या डॉक्टरांनी १९९९ साली टायटॅनियमच्या पट्ट्या वापरून तेच खालच्या दाढांवर करून दाखवलं. आमचं हे त्याच्या आधीचं. तेव्हा एकच वाट होती, उंची संपेपर्यंत थांबायची. आम्ही ती एकोणीस वर्षांची होईपर्यंत थांबलो.

१९०१ साली फ्रान्समध्ये रने ल फोर यांनी मृतदेहांच्या चेहऱ्यांवर आघात करून पाहिलं की वरचा जबडा कुठे फुटतो. फुटण्याच्या तीन ठरावीक रेषा मिळाल्या. त्यातल्या सर्वात खालच्या रेषेवर आज शल्यविशारद मुद्दाम, करवतीनं, टाळू दातांसकट मोकळी करतात. पुण्यात त्या रेषेवर तिची टाळू सुटी केली आणि वर बसवली, मागे पाच मिलिमीटर, पुढे त्याहून कमी. नाकाचा पडदा खालून थोडा तासावा लागला, नाहीतर वर आलेल्या जमिनीवर तो वाकतो. सर असते तर म्हणाले असते, माडीवाल्यांनी बोंब ठोकली. खालच्या जबड्याला कुणी हात लावला नाही. मी तिथे उभा होतो. छत वर गेलं, आणि खालचा जबडा आपल्या बिजागरीवर आपणहून वर फिरला. हनुवटी वर आली, पुढे आली, ओठ मिटले. सगळं वरून बदललं होतं. इतकी वर्षं कागदावर रेघा ओढून जे शिकवत होतो ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

दोन महिन्यांनी ती आईला घेऊन आली. जबडे धरून ठेवणारी रबरं निघाली होती, पातळ वरण-भातावरून गाडी पोळीवर आली होती. मी नेहमीप्रमाणे मापं घेतली, कोन काढला, कागदावर लिहिला. तोवर आईनं पिशवीतून रीळ काढलं होतं. मुलीनं दोरा पुढच्या दातांत धरला, मान एका बाजूला झटकली. दोरा पॉलिएस्टरचा होता. पहिल्या खेपेला तुटला नाही.